वाचकांचे प्रश्न : ठरवून केलेला खोटा साखरपुडा

या अंकातील पहिला प्रश्न दोन पत्रांतून आला आहे. सातारा जिल्ह्यातील एक तरुणी आणि त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या तालुक्यातला एक तरुण यांनी आपापली पत्रे स्वतंत्रपणे लिहून एकाच पाकिटात घालून पाठवली आहेत. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी असे कळवले आहे की, दोघांनीही परस्परांचे पत्र वाचलेले नसून ते अंक हाती आल्यावरच वाचायचे असे त्यांनी ठरवले आहे. छापण्यापूर्वी मी दोघांशी वेगवेगळे बोलून संमती घेतली आणि ओळख पटेल असे तपशील बदलले. घरातील कोणाच्या वाचनात हा अंक येणार नाही, असे दोघांचेही म्हणणे पडले. तशी हमी मला देता येत नाही, हे मी त्यांना सांगितले आहे.

पहिले पत्र

आदरणीय ताई,

माझे वय ३१ वर्षे असून मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. २०२१ साली गुढीपाडवा १३ एप्रिलला होता आणि मी आदल्या दिवशी संध्याकाळी गावी पोहोचले. पुण्यात रुग्ण वाढत होते, आमच्या कार्यालयातले दोघे आजारी होते आणि आई फोनवर ‘यंदा नको येऊस’ असे म्हणाली होती. तरीही मी गेले, कारण निर्बंध कडक होणार असे कानावर येत होते आणि भाड्याच्या खोलीत एकटीने अडकून पडण्याची माझी तयारी नव्हती. १५ तारखेला माझा घसा धरला आणि १६ तारखेला बाबांना ताप आला. दोघांचेही अहवाल पॉझिटिव्ह आले. मी घरातच बरी झाले. बाबा २९ एप्रिलला रुग्णालयात वारले.

घरात मला एका शब्दानेही कोणी दोष दिला नाही. काकांनी रीतीप्रमाणे ‘वर्षाच्या आत लग्न उरकू, नाहीतर तीन वर्षे थांबावे लागेल’ असे सुचवले आणि मी तीन वर्षे थांबण्याचे निवडले, तेव्हा सर्वांना ते बाबांवरील प्रेम वाटले. खरे म्हणजे मला सुटल्यासारखे झाले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती मुदत संपली आणि स्थळे येऊ लागली. पाहुण्यांसमोर पोह्यांची ताटली ठेवताना मला दर वेळी वाटे, हिच्यामुळे हिचा बाप गेला हे या लोकांना कोणीतरी सांगायला हवे.

ज्यांच्याबरोबर मी साखरपुडा केला आहे, त्यांची ओळख सरकारी मदतीच्या अर्जामुळे झाली. कोरोनाने दगावलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळत होते. बाबांच्या कागदावर मृत्यूचे कारण नुसते न्यूमोनिया लिहिले गेल्याने आमचा अर्ज अडला आणि मला जिल्हा समितीकडे तक्रार करावी लागली. तेही त्यांच्या भावाच्या कागदांसाठी तिथेच खेटे घालत होते. तपासणी अहवालानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोरोनाचाच धरावा, हा नियम त्यांनी मला दाखवला. पुढे अधूनमधून फोन होत राहिले. २०२४ च्या डिसेंबरात त्यांनी मला घरची अडचण सांगून विचारले की, काही महिन्यांपुरता साखरपुडा केल्याचे दाखवता येईल का. परिस्थिती निवळली की ‘जमले नाही’ म्हणून मोडू. मी लगेच हो म्हणाले. खोटे लग्न ठरणे मला परवडणारे होते, खरे नव्हते. फेब्रुवारीत आमच्या घरी थोडक्यात कार्यक्रम झाला. अंगठ्या एक ग्रॅमच्या घेतल्या.

त्यांच्या आईचे डायलिसिस चालू आहे. महिन्यातून दोन शनिवारी मी तिथे जाते, त्या चार तासांत त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. बटाट्याच्या फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून मग भाजी करायची, हे मी त्यांच्यासाठी शिकले. नाटकापुरते एवढे करण्याची गरज नव्हती, हे मला कळते. मला हा माणूस हवा आहे. हे प्रेम आहे, की दोन दुःखी माणसांनी एकमेकांचा घेतलेला आधार आहे? आणि बाबांच्या बाबतीत जे केले, त्यानंतर हे मागण्याचा मला अधिकार आहे का?

दुसरे पत्र

आदरणीय ताई,

माझे वय ३५ असून माझे कृषी सेवा केंद्र आहे. माझा थोरला भाऊ मे २०२१ मध्ये कोरोना वॉर्डात वारला. त्याला रेमडेसिव्हिरच्या सहा कुपी लागतील असे सांगितले होते. चार मिळाल्या. उरलेल्या दोनसाठी मी कराड, कोल्हापूर आणि पुणे असा दोन दिवस मोटारसायकलवर फिरलो. त्या मिळवून परत आलो तेव्हा तो जाऊन तास झाला होता. माझ्या फोनवर त्याचे दोन मिस्ड कॉल होते. गाडी चालवत होतो म्हणून मी ते पाहिले नव्हते. अंत्यसंस्कार नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केले, आम्हाला लांबून पाहू दिले.

भावाच्या मागे वहिनी आणि नऊ वर्षांचा पुतण्या आहे. वर्षश्राद्ध झाल्यापासून चुलते आणि मामा यांनी लकडा लावला की, मी वहिनींशी लग्न करावे, म्हणजे घराचे घरात राहील. आईचेही मन तिकडेच होते. वहिनी एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, ‘भावजी, तसे काही ठरले तर मी पोराला घेऊन माहेरी जाईन.’ माझेही मत तेच होते. पण २०२३ पासून आईची मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि आजारी आईसमोर ‘नाही’ म्हणण्याचे बळ माझ्यात नव्हते. ‘माझे दुसरीकडे ठरले आहे’ असे म्हणणे सोपे होते. म्हणून मी या बाईंना विचारले.

त्यांना मी ‘परिस्थिती निवळली की मोडू’ असे म्हणालो होतो. परिस्थिती निवळणे म्हणजे माझ्या मनात आईचे जाणे होते, हे मी त्यांना कधी स्पष्ट केले नाही. डॉक्टरांच्या बोलण्यावरून मी तसा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात साखरपुड्यानंतर आई सुधारली. पथ्य पाळू लागली, पाणी मोजून पिऊ लागली आणि आता तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त काढा म्हणून मागे लागली आहे. तिला बरे वाटते आहे याचा मला आनंद होतो आणि त्याच क्षणी, आपण काय गृहीत धरून बसलो होतो, हे आठवते.

परवा माझ्या अंगठीचा मुलामा उडालेला वहिनींनी पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत.

हे लग्न खरे व्हावे असे मला वाटते. पण त्यांना विचारले, तर माझी कीव येऊन त्या होकार देतील, अशी भीती वाटते. सख्ख्या भावाचा शेवटचा फोन ज्याने घेतला नाही, त्याने दुसऱ्या कोणाला ‘मी साथ देईन’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? आणि आईला खरे कळले तर तिची तब्येत पुन्हा ढासळेल का?

उत्तर

आपण दोघे ही पाने वाचत असाल, तेव्हा आपल्या प्रश्नांतला सर्वांत नाजूक भाग निकालात निघालेला असेल, कारण जे विचारायला आपण कचरत होतात ते आपापल्या पत्रात लिहून मोकळे झाला आहात. तेव्हा मनातले कळावे कसे, यावर मी शब्द खर्च करत नाही. जे राहिले आहे ते अधिक अवघड आहे.

प्रथम बाबांविषयी. आपण दिलेल्या तारखाच मी पुन्हा मांडते. आपण १२ एप्रिलच्या संध्याकाळी घरी आलात, आपला घसा १५ ला धरला आणि बाबांना १६ ला ताप आला. कोरोनाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे चार-पाच दिवस जात. काहींना दोन दिवसांतही लक्षणे दिसत, काहींना दोन आठवडे लागत. एकापासून दुसऱ्याला लागण झाली असेल, तर दोघांच्या लक्षणांत बहुधा काही दिवसांचे अंतर पडे. आपल्या दोघांत एका दिवसाचे अंतर आहे. आपल्यापासून बाबांना लागण झालीच नसेल असे यावरून म्हणता येत नाही, परंतु ती त्यांना आपण येण्याच्या आधीच, बाजारात, बँकेत किंवा लसीच्या रांगेत झाली असण्याची शक्यताही तितकीच खरी आहे. त्या एप्रिलमध्ये ही साथ महाराष्ट्रात गावोगावी पसरली होती. कोणाचा विषाणू कोणाकडे गेला हे ठरवायला दोघांच्याही नमुन्यांचे जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजे विषाणूच्या जनुकांची रचना वाचणारी तपासणी, लागते आणि त्यातूनही दिशा खात्रीने कळतेच असे नाही. ‘माझ्यामुळे बाबा गेले’ हे वाक्य आपण चार वर्षे सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे वागवत आहात. ते सिद्ध झालेले नाही आणि आता होणारही नाही.

आईने नको म्हटले असताना आपण गेलात, एवढे मात्र खरे आहे. त्याची रुखरुख राहील आणि ती राहू द्यावी. एकटेपणाला घाबरून मुलीने सणाला आपल्या घरी जाणे ही चूक म्हणायची असेल तर म्हणा, पण तिची शिक्षा मृत्यूच्या मापाने मोजू नका. आपण आईशी याविषयी कधी बोलला आहात, असे पत्रात कुठे दिसत नाही. आई दोष देत नाही, यावरून ती मनात काय धरून आहे याचा तर्क आपण एकटीनेच केला आहे. कदाचित मुलीला आणखी ठामपणे का अडवले नाही, असे ती स्वतःलाच विचारत असेल.

आता भावाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे आपण ती दोन इंजेक्शने शोधत फिरलात त्याच्या कितीतरी आधी, रुग्णालयातील रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये अशी सशर्त शिफारस केली होती, कारण अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू टळतात असे दिसले नव्हते. पुढे सौम्य आजाराच्या टप्प्यावर, धोका अधिक असलेल्या रुग्णांसाठी आणि नंतर गंभीर पण अत्यवस्थ नसलेल्या रुग्णांसाठीही त्याचा उपयोग मान्य झाला, परंतु वॉर्डात अत्यवस्थ असलेल्या माणसाचे प्राण पाचव्या-सहाव्या कुपीवर अवलंबून होते, असे मानायला आधार नाही. ही माहिती दिलासा देणारी आहे आणि बोचणारीही आहे, याची मला कल्पना आहे; कारण मग आपण म्हणाल की, ज्याचा उपयोग नव्हता त्यासाठी मी फिरत राहिलो आणि त्याच्याजवळ नव्हतो. त्यावर दोन गोष्टी सांगते. पहिली ही की, आपल्या हाती चिठ्ठी डॉक्टरांनी दिली होती आणि ती हाती आल्यावर घरी बसून राहणारा भाऊ त्या दिवसांत मला एकही आढळला नाही. दुसरी ही की, कोरोना वॉर्डात नातेवाइकांना सोडत नव्हते. आपण गावातच असतात तरी बहुधा काचेबाहेर किंवा फाटकाबाहेर असतात.

राहिले ते दोन मिस्ड कॉल. त्यांचे समाधान मी देऊ शकत नाही आणि कोणी दिले तर विश्वास ठेवू नका. तो काय बोलणार होता, हे कळणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, चालत्या मोटारसायकलवर न कळलेला फोन आणि मुद्दाम न घेतलेला फोन यांत फरक आहे. आपण पत्राच्या सुरुवातीला पहिले लिहिता आणि शेवटी त्याचेच दुसरे करता.

नाझी छावण्यांतून जिवंत सुटलेल्यांवर उपचार करताना विल्यम निडरलँड या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात असे नोंदवले की, आप्त गेले आणि आपण उरलो, हे उरणेच त्यांना गुन्ह्यासारखे वाटत होते. तो प्रसंग आणि आपला प्रसंग यांची बरोबरी करण्याचा हेतू नाही. पण अशी माणसे सुखाच्या जवळ जाऊ लागली की बेचैन होतात, हे तेव्हापासून वारंवार दिसून आले आहे. आपण दोघांनी साखरपुडा खोटा केला, याचे एक कारण घरची अडचण हे होतेच. दुसरे कारण मला असे दिसते की, खरे सुख स्वतःला नाकारलेल्या माणसांना खोटे चालते. त्यावर कोणाचे ऋण फेडावे लागत नाही. आणि मग त्या खोट्याच्या आडोशाने आपण वर्तमानपत्र वाचत बसलात, बटाटे उकळलेत. आधार की प्रेम, हा आपला प्रश्न मला म्हणूनच फारसा उपयोगाचा वाटत नाही. आधार न देणारे प्रेम काय कामाचे?

तरीही एक धोका आहे आणि तो मी स्पष्ट लिहिते. आपण दोघांनीही एकमेकांत एक कर्ज फेडण्याची जागा पाहिली आहे. बाबांसाठी करता आले नाही ते आपण त्यांच्या आईसाठी करत आहात. भावाजवळ राहता आले नाही म्हणून हे आता कोणाजवळ तरी राहू इच्छितात. आरंभाला हे असू द्यावे, बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच सुरू होतात. परंतु लग्न परतफेड म्हणून केले, तर ज्या दिवशी कर्ज फिटल्यासारखे वाटेल त्या दिवशी माणूसही नकोसा होतो आणि कर्ज फिटले नाही तर संसारभर हप्ते चालू राहतात. लग्नाचा निर्णय करण्यापूर्वी एकमेकांना एवढेच विचारा : समजा, माझी काही चूकच नव्हती असे उद्या ठरले, तरी शनिवारी तुम्ही याल का? उत्तर लगेच देऊ नका.

शोकाबाबत एक गैरसमज दूर करते. माणूस एकेक पायरी उतरत शेवटी दुःखातून बाहेर पडतो, अशी समजूत आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९९९ मध्ये वेगळे चित्र मांडले : शोक करणारा माणूस गेलेल्याच्या आठवणीकडे आणि पुढच्या जगण्याकडे आलटून पालटून वळत राहतो आणि हे हेलकावणेच निरोगी असते. डायलिसिसच्या बाकावर दोघे कशावर तरी हसलात आणि घरी येऊन रडू आले, तर त्यात बाबांशी किंवा भावाशी प्रतारणा नाही.

आता कामाचे बोलू. खरे सांगण्याची सुरुवात वहिनींपासून करावी. त्यांनी अंगठी पाहिली आहे, म्हणजे निम्मे त्यांना कळले आहे. आणि हा बनाव ज्यांच्या सुटकेसाठीही होता त्यांनाच अंधारात ठेवणे बरे दिसत नाही. त्यांच्या मनात या क्षणी कोणती धास्ती असेल, याचा विचार करा : साखरपुडा खोटा ठरला तर तो जुना विषय पुन्हा निघणार. तो कायमचा बंद करण्यासाठी कायद्याचा आधार घ्या. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम ३ मध्ये निषिद्ध नात्यांची जी व्याख्या आहे, तिच्यात भावाची पत्नी असलेली स्त्री येते. तसा विवाह मान्य करणारी रूढी त्या समाजात असल्याचे दाखवता आले तरच सूट मिळते, एरवी तो विवाह कलम ११ नुसार शून्य ठरू शकतो. चुलते आणि मामा ज्याला घर राखणे म्हणतात, त्यातून वहिनींना पत्नीचा पक्का दर्जाही मिळेल याची शाश्वती नाही. ‘घराचे घरात’ या शब्दांमागे बहुतेक वेळा जमीन असते, म्हणून तेही लिहिते : हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर भावाच्या हिश्श्यावर त्याची पत्नी, मूल आणि आई यांचा सारखा हक्क आहे. वहिनींचा आणि पुतण्याचा वाटा आपल्या लग्नावर अवलंबून नाही. वारसनोंद अजून झाली नसेल तर तलाठी कार्यालयात ती आधी करून घ्या. साखरपुड्याने जे होणार नाही ते त्या एका नोंदीने होईल, कारण वहिनींच्या पायाखालची जमीन त्यांच्या नावावर असली की त्यांचे लग्न कोणाशी लावायचे याची चर्चा नातेवाईक आपोआप कमी करतात.

आईला सांगावे का? सांगावे आणि आपण दोघांनी एकत्र बसून सांगावे. तब्येत ढासळेल का, याचे उत्तर तिच्या डॉक्टरांना विचारून वेळ निवडण्यापुरते घ्यावे. डायलिसिसच्या दिवशी थकवा असतो, तेव्हा मधला दिवस धरावा. परंतु ‘आईला सहन होणार नाही’ हे कारण मला पूर्ण पटत नाही. थोरला मुलगा गेल्यावर उभी राहिलेली ती बाई आहे. तिला न सांगण्यामागे आपली खरी अडचण वेगळी आहे आणि ती आपणच प्रामाणिकपणे लिहिली आहे : या योजनेची मुदत तिच्या मृत्यूपर्यंत होती. ते वाक्य आईला ऐकवण्याची गरज नाही. डॉक्टरांच्या बोलण्यावरून मनात आलेला अंदाज हा काही गुन्हा नव्हे, आजारी माणसाच्या घरात तो सगळ्यांच्याच मनात येतो. तो ज्यांच्यापासून लपवला होता त्या या बाई होत्या आणि त्यांनी तो आता वाचला आहे. त्यांना राग आला तर तो रास्त समजा.

आईशी बोलताना मोडण्याची भाषा करू नये आणि मुहूर्ताचीही करू नये. वहिनींच्या विषयावर नाही म्हणता आले नाही म्हणून आम्ही हे केले, त्यात आम्ही चुकलो, आता आम्हाला खरोखर एकमेकांविषयी विचार करायचा आहे आणि त्यासाठी या तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त नको, एवढे सांगावे. ती रागावेल. पाणी मोजून प्यायला ती शिकली ती सुनेच्या ओढीने, असे आपल्याला वाटते. मला वाटते, घरात कोणीतरी पुढच्या वर्षाचे बोलू लागले, याचा तो परिणाम असावा, आणि पुढच्या वर्षाचे आपण खरे बोलूनही ठेवू शकता.

आपल्या घरी, म्हणजे या बाईंच्या माहेरी, काकांना एवढे तपशील देण्याचे कारण नाही. ‘लग्नाला वेळ आहे’ इतके पुरे. आईला मात्र सर्व सांगावे आणि त्याच बैठकीत १२ एप्रिलचा विषयही काढावा.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याविषयी आपण दोघांनीही विचारलेले नाही, तरी लिहिते. मृत्यूनंतर सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता कमी न होणे आणि त्यामुळे रोजचे जगणे अडणे, याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता स्वतंत्र स्थान आहे. आपण दोघे नोकरी-धंदा व्यवस्थित करता, तेव्हा आजाराचे लेबल मी लावत नाही. पण चार वर्षांनंतरही एखाद्या पाहुण्याला पोहे देताना ‘माझ्यामुळे बाप गेला’ असे मनात येत असेल, तर एका जाणत्या माणसाशी बोलण्याची ती वेळ आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या फोनवरील मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो विनामूल्य असून तिथे मराठीतून बोलता येते. दोघांनी वेगवेगळे बोलावे.

तिसरे पत्र : नाशिकहून एक वाचक लिहितात

माझ्या मैत्रिणीच्या आईचे गेल्या वर्षी अपघाती निधन झाले. वर्षाच्या आत तिचे लग्न उरकण्याची नातेवाइकांनी घाई केली, ती टळावी म्हणून आम्ही दोघांनी साखरपुडा केला. आमच्यात मैत्रीपलीकडे काही नाही आणि होणारही नाही. आता तो मोडायचा आहे, परंतु तिच्या वडिलांनी तिच्या आईच्या पाटल्या मोडून माझ्यासाठी अंगठी घडवली होती. त्या अंगठीमुळे मला झोप येत नाही. वर्षश्राद्धाच्या आधी मोडावा की नंतर?

उत्तर

आधी मोडावा. वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमतात, तिथे जावई म्हणून आपला मान केला जाईल आणि मग अंगठीबरोबर त्या मानाचेही ओझे होईल. ‘वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी’ ही रूढी आहे, तिला कायद्याचे बळ नाही आणि तीन वर्षे थांबण्याने त्या मुलीचे काही बिघडत नाही. उलट आईविना पहिले वर्ष काढणाऱ्या मुलीवर मांडवाची घाई लादू नये, एवढे वडिलांना समजावून सांगायला तिची एखादी मावशी किंवा आत्या पुढे होते का ते पाहा. साखरपुड्याला कायद्याने विवाहाचा दर्जा नाही, त्यामुळे मोडण्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. पत्रिका जुळत नाही, नोकरी परदेशी लागली, अशी नवी खोटी कारणे जोडू नयेत. दोघांनी मिळून ठरवले, मुलीकडे कोणताही दोष नाही, असे मध्यस्थांना आपण स्वतः सांगावे, कारण मोडलेल्या साखरपुड्याचा बोल मुलीलाच लागतो आणि तो टाळणे आपल्या हाती आहे.

साडी-चोळी, पेढे आणि जेवणाचा खर्च यांचा हिशेब कोणी करत नाही, आपणही करू नये. अंगठी मात्र दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू नका. तिच्या वडिलांकडे आपल्या आईवडिलांसह जा, साखरपुडा का केला ते सांगा आणि अंगठी त्यांच्या हातात द्या. सराफाची पावती जपून ठेवली असेल तर तीही द्या, म्हणजे त्या सोन्याच्या पुन्हा पाटल्या करायच्या असतील तर वजनाचा प्रश्न उरणार नाही.